रक्त आमचं, दूध आमचं, मार त्याचा

भाऊसाहेबांनी माझी मूठ उघडली आणि पाहुण्यांपुढं धरली. बाजारात भेंडी मोडून पाहतात तसं एकेक बोट मागं वाकवून दाखवलं.

"पाहा," ते म्हणाले. "सहा वर्षांची पोट्टी. पण पंजा पाहा. बापाचा हाय का नाही?"

पाहुणे तिघं होते. बियाण्याच्या कंपनीचे साहेब. कडक इस्त्री, हातात पोह्यांच्या बशा. एकानं बशी खाली ठेवली, माझं मनगट धरलं, वजन केल्यासारखं हलवलं आणि म्हणाला, "जेनेटिक."

मला वाटलं आजाराचं नाव आहे. घरी जाऊन मी दोन्ही हात चुलीपुढं धरून बसले, शेकून बरे होतील म्हणून.

झालं होतं एवढंच. भाऊसाहेबांच्या पोरानं, हर्षूनं, माझ्या डोक्यात दगड घातला होता आणि मी त्याच्या नाकावर ठोसा दिला होता. माझं डोकं फुटलं होतं. त्यांच्या पांढऱ्या फरशीवर माझं रक्त टपटप पडत होतं. ते कोणी पाहिलं नाही. माझ्या मुठीला हर्षूच्या नाकाचं थेंबभर लागलं होतं, ते तिन्ही साहेबांनी चष्मे पुसून पाहिलं.

आधीच सांगून ठेवते. मी वाढवून सांगणारी बाई आहे. अमडापूरच्या बाजारात मी भाव विचारला तर चिखलीची कुत्री उठून बसतात, असं लोक म्हणतात, आणि ही अफवा मीच उठवली आहे. माझ्या नवऱ्याला मी विहिरीत फेकलं, असंही म्हणतात. फेकलं नाही. मी फक्त त्याच्याकडं पाहिलं, तो स्वतःच उतरला. पुढं मीच त्याला सोडलं आणि मायकडं परत आले. तेव्हा वाचताना जिथं हसू येईल तिथं समजा मी फोडणी जास्त घातली. जिथं हसू येणार नाही तिथं मीठसुद्धा माझं नाही.

हर्षू आणि मी एकाच आठवड्यात जन्मलो. त्याच्या आईला ताप भरला, दूध आटलं. माझी माय त्यांच्याकडं भांडी घासायची. तिला म्हणाले, तुझं दूध उतू चाललंय, आमच्या लेकराला दे. मायनं दिलं. आधी तो, मग मी. सहा महिने. माय म्हणते, तू ओढायची, तो चावायचा. दात नव्हते तरी चावायचा.

आणि बाप? बाप भाऊसाहेबांकडं सालदार होता. एके दिवशी त्यानं भाऊसाहेबांच्या धाकट्या भावाच्या तोंडावर तुतारीचा दांडा घातला. बैल हाकायची ती तुतारी. जबडा तुटला. बापाला शिक्षा झाली. सुटून आला तो खोकत आला आणि वर्षाच्या आत गेला. मी तेव्हा चार वर्षांची. मला बाप म्हणजे एक खोकला आठवतो. गावाला मात्र तो दांडा आठवत होता. मी शाळेत पाटी आपटली की दांडा. जोरात हसले की दांडा. गुरुजी म्हणायचे, "हिच्या वाटेले जाऊ नका रे, रक्त वाईट हाय." मी फळा पुसायला उठले तरी पहिल्या बाकावरची पोरं डोकी झाकायची.

भाऊसाहेबांचं काम बियाण्याचं. चार शेडनेट, टमाट्याचे प्लॉट. एका बाजूला नराच्या ओळी, दुसरीकडं मादीच्या. मादीच्या कळीतून चिमट्यानं पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे परागकण तिला लावायचे. ह्याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. लावून झालं की कळीच्या टोपीच्या दोन हिरव्या पाकळ्या कापायच्या. ती खूण. ज्या फळाच्या डोक्यावर पाकळ्या कापलेल्या, ते फळ खरं. ज्याच्या पाकळ्या शाबूत, ते आपोआप धरलेलं, खोटं. ते तोडून पायाखाली चिरडायचं. त्याचं एक बी जरी मिसळलं तरी सगळा माल कंपनी नापास करते.

भाऊसाहेब पाहुण्यांना नेटमधून फिरवायचे आणि प्रवचन द्यायचे. "सगळं बियाण्यात असते साहेब. माती, पाणी, खत हे मंगचं. मानसाचंही असंच." पाहुणे माना हलवायचे. मी पंधराव्या वर्षापासून त्या नेटमध्ये वाकलेली. एका वर्षी नाल्याकडच्या नेटमधली रोपं खुरटली. बियाणं तेच, विहिरीकडच्या नेटमध्ये पुरुषभर वाढलेलं. तेव्हा भाऊसाहेबांनी आम्हाला उन्हात उभं केलं. "बियाण्याले दोष देऊ नका! तुम्ही पाणी नाही देलं! जीव नाही लावला!" मी मान खाली घालून ऐकलं. रोप वाकडं वाढलं तर पाण्याची चूक. मी वाकडी वाढले तर बियाण्याची. हे तेव्हा डोक्यात आलं होतं. पण आलं तसं गेलं. उन्हात डोक्यात काही टिकत नाही.

हर्षू दहा वर्षांचा असताना त्यानं फावड्याच्या दांड्यानं वासराचा पाय मोडला. उगीच. वासरू हंबरायचं थांबेना म्हणून दुसराही मोडला. काकू, म्हणजे त्याची आई, ओट्यावर उभी राहून शेजारणीला म्हणाली, "आमच्यात कोणी असं नाही. त्या बाईचं दूध, दुसरं काय."

माय तिथंच भांडी घासत होती. तिनं राख लावलेले हात तसेच ठेवले, उठली, घरी आली आणि मला फुंकणीनं मारलं. लोखंडी फुंकणी वाकली. मारता मारता रडत होती, म्हणत होती, "तू तरी नीट राह्य. तू तरी नीट राह्य वं." मी काहीच केलं नव्हतं. मी गृहपाठ करत होते. पाठीवर अजून एक वळ आहे. ऊन लागलं की खाजतो.

दहावीला मी पहिल्या झटक्यात पास झाले. भाऊसाहेबांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि चार लोकांत म्हणाले, "आमच्या अंगणात वाढली ना. संस्कार लागतातच." हर्षू त्याच वर्षी नापास झाला. "संगत," ते म्हणाले. मी पेढा खाल्ला. गोड होता. मी मूर्ख होते.

मी नीट राहिले. एवढी नीट की माझी मलाच किळस यावी. हात बांधल्यासारखे ठेवले. कोणी ढकललं तर भिंतीला टेकले. नवऱ्यानं मारलं तेव्हाही हात उचलला नाही, नुसतं पाहिलं. ती विहिरीची गोष्ट वर सांगितलीच. गावानं म्हणू नये, बापाचं निघालं. जीभ मात्र मोकळी सोडली. थापा, टोमणे, शिव्या, सगळं तोंडातून. हात कुलपात. पुढं मी बायांच्या टोळीची मुकादम झाले. टोळीत चौदा बाया, त्यांत एक इंदू. वाळकी, लहानखुरी, वाऱ्यानं उडेल अशी. पण चिमटा असा धरायची की कळीला कळायचं नाही. माझ्या प्रत्येक थापेवर पहिली हसायची.

मागच्या हंगामात हर्षूनं प्लॉट हातात घेतला. हर्षूभाऊ झाला. गॉगल, बुलेट, कमरेला पट्टा. त्याला बियाण्याचं वजन वाढवायचं होतं. तोडणीच्या दिवशी तो इंदूला म्हणाला, पाकळ्या न कापलेली फळंही टोपलीत टाक. इंदूला वाटलं हर्षूभाऊ गंमत करतात. वीस वर्षं जे पायाखाली चिरडलं ते टोपलीत कोण टाकेल? ती हसली, आणि खोट्या फळांचा ढीग नेहमीसारखा टाचेनं चिरडून मोकळी झाली. तिची चूक एवढीच. तिनं काम बरोबर केलं.

नेटचा एक लोखंडी पाइप सुटून पडला होता. हर्षूनं तो उचलला.

पहिला फटका कोपरावर. आवाज आला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडताना येतो तसा. इंदू खाली बसली, ओरडलीसुद्धा नाही, नुसती पाहत राहिली. दुसरा जबड्यावर. तिच्या तोंडातून टमाट्याचा गर पडावा तसं लाल पडलं, आणि त्यात दोन दात. बाकीच्या बाया मादीच्या ओळीत खाली वाकल्या. जणू त्याच वेळी कळ्या फार महत्त्वाच्या झाल्या.

मी धावले. मध्ये पडले. तिसरा माझ्या पाठीत. मी पाइपचं दुसरं टोक पकडलं. आता ऐका. माझ्या अंगात त्याच्या दुप्पट ताकद आहे. मी ज्वारीचं पोतं एका हातानं चढवते. ही थाप नाही. मी तो पाइप हिसकून त्याला तिथंच आडवा करू शकत होते. हात उठलासुद्धा. खांद्यापर्यंत आला. आणि थांबला. डोक्यात एकच, बापाचं निघालं म्हणतील. त्या एका क्षणात त्यानं पाइप सोडवला आणि इंदूच्या मोडलेल्या कोपरावर पुन्हा घातला. आणि पुन्हा.

ते दोन फटके माझे. हर्षूनं मारले, पण माझ्या नीट राहण्यानं मारू दिले. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता लिहिते.

टेंपोत घालून तिला बुलढाण्याला नेलं. मांडीवर तिचं डोकं, माझ्या लुगड्यावर तिचं तोंड. जबडा तारेनं बांधला. बोलता येईना. डॉक्टर म्हणाला, हा पडण्याचा मार नाही, पोलिसांना कळवावं लागेल. बायांनी जबाब दिले, आम्ही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊसाहेब आमच्या घरी आले. जन्मात पहिल्यांदा. खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, प्यायलेसुद्धा. मोबाइल पाट्याच्या कडेवर ठेवला. माय पाट्यावर चटणी वाटत होती.

"कोणाचा हात उठला ते पोलिसाले सांगा लागते पोरी," ते म्हणाले. "डॉक्टर मानून नाही राह्यला."

"मंग सांगा ना. घरीच हाय तुमचा."

ते हसले. "तू हुशार हाय म्हनून आलो. तू मुकादम. कामावरून दोघींचं वाजलं. तुहा हात उठला. तू कबूल हो. बाईमानूस, जामीन लगेच होते. वकील माहा. सुटून आली की चारही नेट तुह्या हाताखाली. मायचे डोळे जालन्याले दाखवू."

"अन् लोकं मानतीन?"

"कोणाले नवल वाटनार नाही."

"काऊन?"

"आता मी काय सांगू? रक्त हाय ते. बापाचं."

"अन् हर्षूभाऊ?"

"त्याच्या सात पिढ्यांत असा मानूस दाखव. नाही सापडनार." मग त्यांनी मायकडं पाहिलं. आवाज मऊ केला. "राग नोको मानू माय. पन हे त्याच्यात आलं कुठून? तुह्या दुधातून. म्हंजे नीट पाह्यलं तर हा मार तुमच्याच घरचा हाय. तुम्हीच घेतला, तर त्यात अन्याय कुठं झाला?"

मी बारा गावांना थापा विकलेली बाई. पण इतकी सुबक, इतकी घडीव थाप मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. मनातल्या मनात हात जोडले. मी हात उचलला तर रक्त. त्यानं उचलला तर दूध. मी पास झाले तर त्यांचं अंगण. तो नापास झाला तर दुसऱ्यांची पोरं. कुठूनही मोजा, चांगलं निघालं की त्यांच्या दारात, वाईट निघालं की आमच्या. बियाणं आणि पाणी हे दोन्ही त्यांच्याच खिशात. ज्या दिवशी जे लागेल ते काढायचं.

वाटणं थांबलं होतं.

"भाऊसाहेब," माय म्हणाली. वर न पाहता. "दूध माहंच होतं. पन त्याच दुधाची ही हाय. हिनं कोणाचं कोपर मोडलं?"

"तसं नाही माय..."

"अन् रक्ताचं म्हनता, तं ऐका. माह्या नवऱ्याले तुमचा भाऊ रोज मारे. बैलाआधी त्याले मारे. पोरांपुढं, बायांपुढं. सकाळची थापड, दुपारची थापड. चहा देल्यावानी. तुम्ही ओट्यावर बसून पाहत होते. सात वर्षं त्यानं हात नाही उचलला. आठव्या वर्षी एकदा उचलला. तं म्हने रक्तात होतं." आता तिनं वर पाहिलं. "रक्तात नव्हतं. तुम्ही पाजलं."

हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं त्या बाईनं हे तोंडात दाबून ठेवलं होतं. मला मारलं, पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी नीट राहिले नसते, म्हणून.

माझा हात पाट्यावर गेला. वरवंटा उचलला. काळा दगड, मिरचीनं माखलेला, लहान बाळाएवढा जड. डोक्यावर नेला.

आणि भाऊसाहेबांच्या तोंडावर हसू आलं. घाबरलेलं नव्हे. खुशीचं. प्लॉट पास झाल्यावर येतं ते.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "निघालं ना?"

ते हसू मी पाहिलं नसतं तर त्यांचं डोकं उरलं नसतं. हे मी लपवत नाही. मला त्यांना मारायचं होतं. अजूनही काही दुपारी मारायचं असतं. आणि तो राग बापाचा नाही, मायच्या दुधातला नाही. तो मी स्वतः केलेला आहे, त्यांच्या फरशीवर, त्यांच्या नेटमध्ये, रोज थोडा थोडा. त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

मी वरवंटा खाली आणला. त्यांच्या मोबाइलवर. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मोबाइल नव्हताच, पाटाही मधोमध तडकला. काच त्यांच्या धोतरात, मिरची त्यांच्या डोळ्यांत. ते ओरडत उठले, खुर्ची उलटली. त्यांच्या ओरडण्यानं आमच्या बकऱ्या ज्या पळाल्या त्या सुलतानपूरच्या शिवारात सापडल्या. बरं, नाल्यापर्यंत गेल्या.

"हे मी केलं," मी म्हटलं. "हे लिहून घ्या. मोबाइल माह्या हातानं फुटला. पन इंदूचं कोपर तुमच्या पोट्ट्यानं मोडलं. त्याचं त्याले देजा."

मग मी तिखट हातानंच ठाण्यात गेले. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, तुमच्या गोष्टी माहीत आहेत आम्हाला. नवरा, विहीर." मी म्हटलं, साहेब, विहिरीची थाप आहे, ती खोडा. पाइपची लिहा. लिहायला त्यांनी चार तास लावले. मी उभीच राहिले. बाकावर जागा होती.

आता सांगते पुढचं, आणि ह्यात गोड काही नाही. मोबाइलची केस माझ्यावर झाली. धमकी, नुकसान, घरात बोलावून हल्ला. ती वाऱ्यासारखी पळते आहे. इंदूची केस रांगते आहे. इंदूच्या जबड्याची तार निघाली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "मी पडली." तिच्या नवऱ्याला भाऊसाहेबांच्या नेटवर रखवालदारी मिळाली आहे. तिचा हात सरळ होत नाही. मी दिसले की ती दुसऱ्या गल्लीनं जाते. मी तिला दोष देत नाही. पण तिच्या मागं जाऊन तिला हसवतही नाही आता.

टोळी गेली. नेट गेलं. माय आणि मी लोकांच्या वांग्यांत निंदायला जातो. गाव म्हणतं, शेवटी बापाचं निघालंच. म्हणू द्या.

त्यांच्या वकिलाचा निरोप आला. दोन्ही केस मिटवू. तू पाइपचं विसर, आम्ही मोबाइलचं विसरतो. बरोबरीत सुटू. मी निरोप्याला दारातच उभं ठेवलं आणि म्हटलं, मोबाइलची सजा मला द्या. एक दिवसही कमी नको. ती माझी आहे, मी भोगीन. पण भाऊसाहेबांच्या पोराचा मार मी पोटात घेणार नाही. रक्तानं नाही, दुधानं नाही, तडजोडीनं नाही.

कोर्टात साक्षीदाराला पूर्ण नाव विचारतात. आपल्याकडं मधलं नाव बापाचं असतं. इतकी वर्षं शाळेत, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत मी ते पुटपुटत आले. तिथं पुटपुटणार नाही. बाहेर बसलेल्या शिपायाला ऐकू जाईल असं सांगीन. वकील विचारील, ह्याच बापाला शिक्षा झाली होती ना? मी म्हणीन, ह्याच.

मग ते विचारतील, पाइप कोणाच्या हातात होता. तेव्हा त्याचंही नाव मी अर्धं घेणार नाही. हर्षवर्धन म्हणीन. मग त्याच्या बापाचं नाव घेईन. मग आडनाव. मधलं गाळणार नाही.